दुसरा शनिवार : चर्चामंडळं का मोडतात, का टिकतात

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. तिची पहिली एकोणचाळीस पानं भरलेली आहेत, बाकीची कोरी. २००६ च्या जूनमध्ये सांगलीत आम्ही काही जणांनी एक चर्चामंडळ सुरू केलं, त्याची ही हजेरीची आणि वृत्तान्ताची वही. पहिल्या बैठकीला सव्वीस सह्या आहेत. शेवटच्या, म्हणजे २००८ च्या फेब्रुवारीतल्या बैठकीला चार. त्यांतली एक माझी आणि एक सभागृहाची किल्ली घेऊन आलेल्या शिपायाची. मंडळ बंद करायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. मार्चमध्ये परीक्षा आहेत म्हणून बैठक पुढे ढकलली, एप्रिलमध्ये ऊन फार म्हणून, आणि मेमध्ये कुणी विचारलंच नाही.

बरीच वर्षं मला याची कारणं पाठ होती. लोकांना वाचायला नको, टीव्हीनं माणसं घरात बसवली, तरुणांना कशाचं काही नाही. ही कारणं सांगताना बरं वाटतं, कारण त्यांत आपण कुठे नसतो. अडचण एकच होती. त्याच वर्षांत, माझ्याच घरात, माझ्या बायकोची भिशी बिनबोभाट चालू होती. बारा बायका, दर महिन्याची पाच तारीख, दुपारी चारची वेळ. १९९४ पासून चाललेली. टीव्ही त्यांच्याकडेही होता, परीक्षा त्यांच्याही मुलांच्या होत्या आणि ऊन सांगलीत सगळ्यांना सारखंच लागतं. मी एकदा तिला विचारलं, की तुमचं कसं टिकतं? ती पोळ्या लाटत म्हणाली, “आमच्यात प्रत्येकीचा नंबर लागतो. तुमच्यात एकट्या तुमचाच लागायचा.”

हा लेख म्हणजे त्या वाक्याची शहानिशा आहे. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी दोन कामं केली. चर्चेसाठी नेमानं जमणारी जुनी मंडळं कशी चालत, याबद्दल जे मिळेल ते वाचलं. आणि आमची ती वही, एखाद्या परक्या माणसाची असावी तशी, पहिल्या पानापासून वाचली. दुसरं काम जास्त अवघड गेलं.

वार कुणी ठरवायचा?

आमच्या पहिल्या मंडळाची बैठक ‘सर्वांच्या सोयीनं’ ठरायची. ऐकायला हे लोकशाहीचं वाटतं. प्रत्यक्षात दर महिन्याला दहा-पंधरा फोन, वक्त्याची तारीख, सभागृहाची तारीख, कुणाच्या घरचं लग्न. वहीत एकोणीस बैठकांच्या तारखा आहेत आणि त्या आठवड्याच्या सहा वेगवेगळ्या वारांना पडल्या आहेत. ज्याला एका बैठकीला जमलं नाही, त्याला पुढची कधी हे कळण्याचा मार्ग आमच्या फोनखेरीज नव्हता. म्हणजे येणं ही त्याची सवय कधी झालीच नाही. प्रत्येक वेळी त्याला नव्यानं निर्णय घ्यावा लागत होता, आणि माणूस दमून घरी आला की असे निर्णय सहसा खुर्चीच्या बाजूनंच लागतात.

आपल्याकडच्या भजनी मंडळांनी हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. एकादशीला भजन आहे हे गावात कुणी कुणाला कळवत नाही. तारीख पंचांगात आहे, ती कुणाच्या सोयीची नाही आणि म्हणूनच सगळ्यांची आहे. नेमकी हीच युक्ती मला पार इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकातल्या बर्मिंगहॅममध्ये सापडली. तिथे कारखानदार मॅथ्यू बोल्टन, वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट, वैद्य इरॅस्मस डार्विन, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली, कुंभारकामाचा उद्योग उभारणारा जोसायाह वेजवुड अशी मंडळी महिन्यातून एकदा जेवायला आणि बोलायला जमत. त्यांचं नाव ‘लूनर सोसायटी’, म्हणजे चांद्र मंडळ. कारण बैठक पौर्णिमेच्या जवळच्या दिवशी असे. रस्त्यावर दिवे नव्हते आणि रात्री घोड्यावरून घरी परतताना चांदणं उपयोगी पडे. आधी पौर्णिमेजवळचा रविवार होता. १७८० मध्ये प्रीस्टली आला. तो धर्मोपदेशक, रविवारी त्याला प्रवचन असे, म्हणून सोमवार झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एका माणसासाठी त्यांनी एक बैठक हलवली नाही, नियम बदलला. पुन्हा सगळे सोमवार ठरलेले.

म्हणून आमच्या दुसऱ्या मंडळाचा, जे २०११ मध्ये सुरू झालं, पहिला नियम हाच : दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. तीन माणसं आली तरी पाचला सुरुवात. एकदा खरोखर तीनच आली होती, आणि ती बैठक वाईट झाली नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलं, की वेळेवर येणाऱ्याला शिक्षा होते आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो. सात वाजता संपवणंही तितकंच महत्त्वाचं. रंगलेली चर्चा आठपर्यंत खेचली, तर ज्याला बस गाठायची आहे त्याला मधून उठावं लागतं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो येतच नाही.

बारा माणसं आणि आठवडाभर आधीचा प्रश्न

चर्चामंडळ कसं चालवावं याचा सगळ्यांत उपयोगी दस्तऐवज मला बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात मिळाला. १७२७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, फिलाडेल्फियात छापखान्यात काम करताना त्यानं ‘जंटो’ नावाचं मंडळ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक. सभासद कोण? छापखान्यातले सोबती, दस्तऐवजांच्या नकला करणारा एक लेखनिक, एक मोजणीदार, एक चांभारकाम शिकलेला, एक सुतार, व्यापाऱ्याकडचा एक कारकून. विद्वान म्हणावा असा त्यांत जवळजवळ कुणी नाही. नियम साधे होते. प्रत्येकानं आपल्या पाळीला नीती, राजकारण किंवा सृष्टिविज्ञान यांतला एखादा प्रश्न मांडायचा. तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. अध्यक्षाच्या देखरेखीखाली, सत्य शोधण्यासाठी बोलायचं, जिंकण्यासाठी नाही. ठाम, छातीठोक विधान करणं किंवा दुसऱ्याला थेट खोडून काढणं यावर पुढे बंदी आली आणि मोडणाऱ्याला किरकोळ दंड.

या नियमांत मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो सहज नजरेतून निसटणारा : प्रश्न चर्चेच्या एक आठवडा आधी वाचून दाखवला जाई. त्यामुळे माणसं त्या विषयावर वाचून येत, असं फ्रँकलिननं नमूद केलं आहे. आम्ही पहिल्या मंडळात विषय द्यायचो : ‘साहित्य आणि समाज’, ‘आजचं शिक्षण’. विषयावर कुणीही, कितीही, काहीही बोलू शकतो, आणि आमच्याकडे बोलत असत. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं. ‘आजचं शिक्षण’ या विषयानं माणसं भाषणं करतात. ‘आठवीपर्यंत नापास न करण्यानं मुलाचं भलं झालं का?’ या प्रश्नानं शेजारच्या शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थाला आपल्या मुलाची गोष्ट सांगाविशी वाटते आणि निवृत्त मुख्याध्यापकांना ती ऐकावी लागते.

दुसरी गोष्ट संख्येची. जंटोची मर्यादा बारा होती. भिशीतही बाराच, हा योगायोग. तिथे वर्षाचे महिने बारा म्हणून. पण चर्चेतही हा आकडा कामाचा आहे. दोन तासांत बारा जणांना प्रत्येकी पाच-सहा मिनिटं बोलायला मिळतात आणि चहाला वेळ उरतो. पंचवीस झाले, की आपोआप पाच बोलके आणि वीस श्रोते अशी वाटणी होते. जंटोत नवे सभासद घ्यावेत अशी मागणी आली तेव्हा फ्रँकलिननं मंडळ मोठं करायला विरोध केला. त्यानं सुचवलं की प्रत्येक सभासदानं आपलं वेगळं उपमंडळ काढावं. सगळ्यांना ते जमलं नाही, पण पाच-सहा उपमंडळं निघाली. आमच्याकडे २०१५ मध्ये उपस्थिती वीसच्या वर जाऊ लागली तेव्हा मला आनंद झाला होता. बायको म्हणाली, की आमच्यात तेरावी आली तर दुसरी भिशी काढतात. आम्ही मिरजेच्या सभासदांची वेगळी बैठक केली. ती आजही चालू आहे.

आणखी एक तपशील. जंटोत थॉमस गॉडफ्री नावाचा स्वयंशिक्षित गणिती होता. फ्रँकलिन त्याच्या विद्वत्तेचं कौतुक करतो, पण सांगतो की त्याला प्रत्येक वाक्यात गणिती काटेकोरपणा हवा असे, क्षुल्लक गोष्टींवरून तो सतत हरकत घेई आणि बोलण्याचा विचका होई. तो लवकरच मंडळातून गेला. चर्चामंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाला आपला गॉडफ्री आठवेल. मीही आमच्या वहीत तो शोधू लागलो.

वहीतलं नाव

आमच्या पहिल्या मंडळाचे वृत्तान्त एका तरुण शिक्षिकेनं लिहिले आहेत. सुंदर अक्षर, आणि प्रामाणिक. कोण किती वेळ बोललं याची तिनं अधूनमधून नोंद केली आहे. प्रास्ताविक : मी. पाहुण्यांचा परिचय : मी. पाहुण्यांनंतर ‘चर्चेची सुरुवात’ : मी. कुणी काही म्हटलं, की त्यापुढे ‘यावर स्पष्टीकरण’ : मी. समारोप : मी. एका पानावर तिनं लिहिलं आहे की वेळेअभावी श्रोत्यांचे प्रश्न घेता आले नाहीत. त्या दिवशीचा समारोप पंचवीस मिनिटांचा होता.

त्या शिक्षिकेचं अक्षर तेराव्या बैठकीनंतर वहीत नाही. पुढचे वृत्तान्त मीच लिहिले आहेत. ती का येईनाशी झाली हे मी त्या वेळी विचारलं नाही. खूप वर्षांनी बाजारात भेटली तेव्हा विचारलं. ती अवघडली, मग म्हणाली, “सर, मला लिहायला यायचं नव्हतं. मला बोलायचं होतं.” वर्षभर आम्ही तिला अक्षर चांगलं म्हणून वही दिली होती; लिहिणाऱ्या माणसाला बोलता येत नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला वाटतं, आमची मूळ गफलत व्याख्यान आणि चर्चा यांची गल्लत करण्यात होती. महाराष्ट्राला व्याख्यानाची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही चालते. तिथे माणसं ऐकायला येतात आणि ते योग्यच आहे. पण आपण चर्चेला बोलावतो तेव्हाही मांडामांड व्याख्यानाचीच करतो : टेबल, पांढरी चादर, समई, शाल-श्रीफळ, समोर ओळीनं खुर्च्या. ओळीत बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं दिसतं, चेहरा नाही. आता आम्ही खुर्च्या गोल मांडतो. सूत्रधार दर महिन्याला वेगळा, चिठ्ठी काढून ठरलेला, आणि त्यानं स्वतःचं मत द्यायचं नाही. वेळ सांभाळायची आणि जो बोलला नाही त्याला विचारायचं. पहिली फेरी सगळ्यांची, प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. नको असेल त्यानं ‘पुढे’ म्हणावं. वृत्तान्त लिहिण्याचं कामही पाळीनं. तो अर्ध्या पानाचा असतो : प्रश्न काय होता, कोणते दोन-तीन मुद्दे निघाले आणि कुणाचं मत बदललं का.

या सगळ्याला नंबर लावणं म्हणतात, हे आमच्या घरात आधीपासून माहीत होतं.

येऊ न शकणारे

जी माणसं आली त्यांच्यावर आपण लक्ष देतो. जी येऊच शकत नाहीत ती वहीत नसतात. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना कळतं, की सभेला जाणं हे एका बाईसाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खाण्याचं कारण होतं. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा बायकांना बोलता येईल अशी स्वतंत्र जागा निर्माण झाली. आता तसं कुणी अडवत नाही असं आपण म्हणतो. पण आमची पहिली बैठक संध्याकाळी सात ते नऊ असायची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ. सव्वीस सह्यांत बायकांच्या चार होत्या. वेळ पाच ते सात केली, आणि सभागृहाऐवजी बस थांब्याजवळची एका सभासदाची शिकवणीची खोली घेतली, तेव्हा बाकी काही न बदलता निम्म्या बायका झाल्या. त्या खोलीचा जिना फार उंच आहे म्हणून दोन वयस्कर सभासद गळले, हे मात्र आम्हाला वर्षभरानं कळलं. आता बैठक तळमजल्यावर असते. वेळ आणि जागा ठरवताना आपण कोण येणार हेही ठरवत असतो.

चहा

पुण्याच्या रविकिरण मंडळाचा इतिहास वाचकांना माहीत आहे. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमाबाई रानडे ही मंडळी १९२३ मध्ये मंडळ म्हणून उभी राहिली, पण त्याआधी ती रविवारी चहाला जमणारी मित्रमंडळी होती आणि स्वतःला ‘सन-टी क्लब’ म्हणवून घेत होती. कोलकात्यात सुकुमार राय यांच्या ‘मंडे क्लब’ची बैठक सोमवारी भरे. प्रशांतचंद्र महालनोबिस, सुनीतिकुमार चटर्जी असे सभासद. पण खाण्यापिण्याची चंगळ इतकी, की लोक त्याला थट्टेनं ‘मंडा क्लब’, म्हणजे मिठाईचं मंडळ, म्हणत. राय बैठकीची निमंत्रणं पद्यात लिहून छापत.

पहिल्या मंडळात आम्ही चहा सुरुवातीला द्यायचो आणि तो घाईत उरकायचो. आता तो शेवटी असतो, सात वाजता, आणि तो बैठकीचा भाग आहे. चर्चेत जे दोघे एकमेकांशी तावातावानं बोलले, ते चहाच्या वेळी एकत्र उभे राहिले तर पुढच्या महिन्यात दोघेही येतात. नव्या माणसाची ओळखही तिथेच होते. नव्याला एकटं उभं राहू द्यायचं नाही, हे काम त्या महिन्याच्या यजमानाचं. खर्च डब्यात पडतो. ज्याला जमेल तेवढं, कुणी मोजत नाही.

मग पुढे काय?

नुसतं बोलून काय होतं, हा प्रश्न प्रत्येक मंडळाला कधीतरी ऐकावा लागतो. जंटोच्या सभासदांनी वाचनासाठी आपापली पुस्तकं एकत्र ठेवली. तो प्रयोग वर्षभरात मोडला, पण त्यानंतर १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचण्यासाठी आणि त्यांवर चर्चा करण्यासाठी सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांत स्वतः शिकवलं. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. पण याच काळातली परमहंस सभाही आठवावी. जातिभेद मोडण्यासाठी १८४९ च्या सुमारास निघालेली ही सभा गुप्तपणे भरत असे. १८६० च्या आसपास सभासदांची नावं फुटली आणि सभा विस्कटली. विचार खरे होते. पण उघडपणे उभं राहण्याची ताकद त्या बंद खोलीत तयार झाली नव्हती. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला तो उघडपणे.

आमच्याकडून शाळा किंवा ग्रंथालय झालेलं नाही. एक गोष्ट मात्र सांगता येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. त्या महिन्याचा दुसरा शनिवार दहा तारखेला होता आणि त्या दिवशी अर्धी सांगली पाण्यात होती. बैठक होणं शक्यच नव्हतं. आमची खोलीही बुडाली होती. सप्टेंबरचा दुसरा शनिवार गणपती उठल्यानंतर दोन दिवसांनी होता. मी कुणालाही फोन केला नाही. खरं तर माझ्या मनातच नव्हतं. घरातला गाळ काढून आम्ही दमलो होतो. पाच वाजता, सवयीनं, खोलीची अवस्था तरी बघावी म्हणून गेलो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ होती. खुर्च्या नव्हत्या. नऊ माणसं बाहेर ओट्यावर बसली होती आणि सूत्रधाराची चिठ्ठी निघून झाली होती. ऑगस्टचा राहिलेला प्रश्न कुणी काढला नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं होतं. त्या दिवशी कुणी घड्याळ लावलं नाही.

गेल्या वर्षापासून किल्ली माझ्याकडे नसते. दोघांकडे असते, त्यांतल्या एकीचं वय तेवीस आहे. मी दुसऱ्या फेरीआधी बोलायचं नाही, असा एक नियम मंडळानं केवळ माझ्यासाठी केला आहे आणि तो मोडल्यास दहा रुपये दंड आहे. डब्यात माझे आतापर्यंत सत्तर रुपये गेले आहेत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारचा प्रश्न कालच आला : ‘म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलांकडे शहरात राहायला जावं का?’ तो मांडला आहे शिंपीकाम करणाऱ्या त्या गृहस्थांनी. माझं मत तयार आहे. ते वहीत लिहून ठेवलं आहे, आणि दुसरी फेरी येईपर्यंत ते तिथेच राहील.